उन्हेऱ्याचें कुंड आणि कामोठ्याचा सज्जा

कोंकणांत उन्हेरे, उन्हाळे, उन्हवरे अशीं नांवें ठिकठिकाणीं आढळतात. संस्कृत ‘उष्ण’ शब्दाचें प्राकृतांत ‘उण्ह’ झालें व मराठींत ‘ऊन’; त्या ऊन पाण्याची खूण हीं गांवें आपल्या नांवांत वागवीत आहेत. पालघरापासून राजापुरापर्यंत उष्णोदकाच्या झऱ्यांची जणूं एक माळच आहे. तिच्यांतील पालीजवळचें उन्हेरे आम्ही नुकतेंच पाहून आलों. निमित्त मात्र घडलें कामोठ्यास.

कामोठे हें सिडकोच्या नव्या मुंबईतील उपनगर; २०१६ पासून तें पनवेल महानगरपालिकेंत मोडतें. तेथें पांचव्या मजल्यावर आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंचें कुटुंब राहतें. वहिनींचे गुडघे अलीकडे फार दुखूं लागले आहेत. आईस नित्य ऊन पाण्यांत बसतां यावें, म्हणून सज्जांत चौघांपुरता मोठा ‘हॉट टब’ बसवावा, असें पुतण्यांनीं मनांत आणिलें व आमचें मत विचारिलें. मातृभक्ति स्तुत्यच, परंतु दुकान पाहण्यापूर्वीं मूळ कुंड पाहावें, असें आम्ही सुचविलें.

पनवेलीहून पेण, नागोठणें करीत वाकण फाट्यास वळलों. सरसगडाच्या पायथ्याशीं पाली लागली. बल्लाळेश्वराचें दर्शन घेऊन थोड्याच वेळांत उन्हेऱ्यास पोंचलों. गंधकाचा किंचित् वास, पाण्यावर पातळ वाफ, आणि बांधीव कुंडांत पाय सोडून बसलेलीं वृद्ध माणसें! वहिनी पायरी-पायरीनें उतरल्या व कांहीं वेळ स्वस्थ बसून म्हणाल्या, “भाऊजी, इथें खालून नवें पाणी येत राहतें. घरीं तेंच पाणी किती दिवस ठेवायचें?”

प्रश्न अगदीं वर्मावर बोट ठेवणारा होता. येथें जागता ज्वालामुखी नाहीं. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतें. खालीं दर किलोमीटरास सुमारें २५ ते ३० अंश उष्णता वाढत जाते. तापलेलें तें पाणी दुसऱ्या वाटेनें वर येतें. पाण्याचा भार पृथ्वी सोसते, तापविण्याचें काम तीच करते, आणि प्रवाह तें शिळें होऊं देत नाहीं. घरीं कुंड आणावयाचें तर हीं तिन्ही कामें गृहस्थानें पत्करलीं पाहिजेत.

प्रथम भार. हजार लिटर पाण्याचें वजन हजार किलो. त्यांत टब व चार माणसें मिळवितां दीड हजार सहज होतात. चार चौरस मीटर जागेवर ते पसरले तरी प्रत्येक चौरस मीटरास ३७५ किलो पडतात. भारतीय मानकांप्रमाणें राहत्या खोलीस २०० व सज्जास ३०० किलोंचा हिशेब धरतात. तेव्हां बांधकामाच्या अभियंत्याच्या लेखी संमतीवांचून मजल्यावर असा टब बसविणें म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर संकट टांगणें होय.

दुसरें इंधन. हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारें साडेसतरा युनिट वीज लागते; ३ किलोवॅटच्या तापकास सहा तास पुरत नाहींत अशी वेळ येते. झांकण घट्ट नसेल तर उष्णता वाऱ्यावर जाते. विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ तर हवीच हवी.

तिसरी स्वच्छता. कोमट, साचलेल्या पाण्यांत लीजिओनेला नांवाचे जंतू वाढतात व तुषारांवाटे फुप्फुसांत शिरतात. म्हणून गाळणी सहज धुतां येईल असाच टब निवडावा. क्लोरीनचें प्रमाण वरचेवर तपासावें, आणि दोन-तीन महिन्यांनीं सर्व पाणी बदलावें.

पाणी ४० अंशांहून अधिक तापवूं नये, व पंधरा-वीस मिनिटांहून अधिक त्यांत बसूं नये. गर्भवती, हृद्रोगी, रक्तदाबाचे व मधुमेहाचे रोगी यांनीं वैद्याचा सल्ला घेतल्यावांचून उतरूं नये. घरांत लहान मुलें असल्यास झांकणास कुलूप असावें.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत अधःकायावर ऊन पाणी घेणें बलवर्धक म्हटलें आहे; मस्तकावर मात्र तेंच पाणी केंस व नेत्र यांस अपायकारक मानिलें आहे. वहिनींच्या गुडघ्यांस शेक हवा होता, चौघांचें कुंड नव्हे. त्यांस खुर्चीवर बसवून गुडघ्यांपर्यंत पाय बुडतील असें खोल भांडें व तापमापक, एवढ्यावर पुतण्यांनीं तूर्त भागविलें आहे.

ज्यांचें घर जमिनीवर आहे, ओटा भक्कम आहे, सांडपाण्यास वाट आहे आणि निगा राखणारें माणूस घरांत आहे, त्यांनीं मोठा टब खुशाल घ्यावा. पायऱ्या रुंद, धरावयास कठडा आणि दुरुस्तीस माणूस जवळ, एवढें पाहिलें म्हणजे झालें. इतरांनीं वर्षांतून दोनदां सहकुटुंब उन्हेऱ्यास जावें. घरांतील वडील माणसांस त्या निमित्तानें बाहेरची हवा मिळते, नातवंडांस त्यांची संगत मिळते. आणि कोणत्याही टबाच्या किंमतींत या दोन गोष्टी येत नाहींत.