झाकून ठेवलेले सूर

कोकणात पाऊस फक्त घराबाहेर पडतो, अशी परगावच्या लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो मिठाच्या बरणीत, कपाटातल्या कपड्यांत, पुस्तकांच्या बांधणीत चार महिने मुक्कामाला असतो. रत्नागिरीच्या बाजूला जुलै-ऑगस्टात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. बुरशीला ७० टक्केही पुरतात. मग आमच्या वाडीच्या भजनी मंडळाचा की-बोर्ड तेवढा कोरडा कसा राहावा?

हे वाद्य मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून आणलेले. गणपती गेले की ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून, वर गोधडी घालून माळ्यावर जाई. ‘अगदी जपून ठेवलंय हो,’ असे मंडळी अभिमानाने सांगत. गेल्या वर्षी गणपतीला पंधरा दिवस उरले असताना ते खाली काढले, तर ६१ पट्ट्यांपैकी सात मुक्या आणि एक हलक्या बोटालाही किंचाळणारी! नवीन घ्यायला पैसे नव्हते. ‘आपली पेटीच बरी होती,’ असे बुवा म्हणाले खरे. पण पेटीचा भाता तोवर उंदरांनी खाल्लेला. भजनाला साथ कशाची, हा प्रश्न वाडीपुढे उभा राहिला.

वाद्य वाजवणारी मी, म्हणून ते तालुक्याच्या गावी नेण्याचे कामही माझ्याकडेच आले. तिथे रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या टेबलाशेजारी मी दोन दुपारी बसले आणि एका निराळ्याच शास्त्राची ओळख झाली.

की-बोर्डच्या पट्टीखाली रबराची एक छोटी टोपी असते. तिच्या आत कार्बनचा काळा ठिपका. पट्टी दाबली की तो खालच्या पाटीवरच्या रेघांना टेकतो. असे दोन स्पर्श असतात, एक किंचित आधी, एक नंतर. त्या दोहोंमधला वेळ मोजून बोट हळू पडले की जोरात, हे वाद्य ठरवते. मध्ये बुरशीचा पापुद्रा आला की हा हिशेब चुकतो. मग सूर एकतर उमटत नाही, नाहीतर किंचाळतो.

“मुक्या पट्ट्या मोजल्यास का गं?” काकांनी विचारले.

“हो काका. दर आठवी पट्टी मुकी आहे.”

काका खूश झाले. “मग तिथे रबराचा दोष नाही. पट्ट्या ओळीओळीने जोडलेल्या असतात. एक ओळ तुटली, की तिच्यावरच्या सगळ्या गेल्या.”

आणि तसेच निघाले. चपट्या केबलचे टोक खाऱ्या हवेने हिरवट झाले होते. काकांनी ते काढले, पुसले, पुन्हा बसवले. किंचाळणाऱ्या पट्टीखालची पाटी त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने अलगद टिपली. कार्बनचा ठिपका मात्र घासला नाही. घासला तर कार्बनच निघून जातो. सगळे पूर्ण वाळेपर्यंत वीज जोडायची नाही, ही ताकीद त्यांनी तीनदा दिली.

निघताना मी पिशवी उचलली, तसे काका म्हणाले, “ही आधी फेक. बांधलीस त्या दिवशीची दमट हवा आत कोंडते आणि रात्री गारव्याने तिचं पाणी होतं. सुती कापड घाल, जवळ सिलिका जेलची पुडी ठेव, दाणे ओले झाले की बदल. डांबरगोळी नको, तिची वाफ काही प्लॅस्टिकांना बाधते. आणि रोज वाजव. चालू वाद्याला थोडी ऊब असते.”

त्या वर्षी भजन झाले. पण मला राहून राहून वाटते ते आपल्या ‘जपण्या’विषयी. ठेवणीतली पैठणी घडीवर विरते, कुलूपबंद कपाटातल्या ग्रंथांना कसर लागते. ज्यावर प्रेम करतो ते आपण दृष्टीआड करतो आणि त्याला सांभाळणे म्हणतो. वास्तविक, वस्तूला माणसाच्या हाताइतके दुसरे राखण नाही.

आता की-बोर्ड माळ्यावर जात नाही. शाळा सुटली की वाडीतली पोरे त्याच्यावर तुटून पडतात. फार बेसूर वाजवतात. बुवा कपाळाला हात लावतात, पण पिशवी आणा असे काही म्हणत नाहीत.