पळून, पळवून

"काकू, इथं देवळात लगेच लग्न लावून देतात का?"

मी तव्यावरचं घावन उलथत होते. मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती, मुलगा बाहेर ओटीवर मोटरसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत बसला होता. २०२३ सालचा नोव्हेंबर. दिवाळीची गर्दी ओसरली होती आणि माझ्या चारपैकी तीन खोल्या रिकाम्या होत्या. वेशवीहून जंगलजेटीनं बागमांडल्याला उतरून दोघं सरळ हरिहरेश्वरात आली होती. खोली देण्याआधी आधार कार्ड बघायचं हा माझा नेम. तिचं बघितलं, बोटांवर हिशेब केला. अठराला सात महिने कमी. मुलगा वीस पुरा.

"आधी खाऊन घ्या," म्हटलं. दुसरं काय सुचणार? सदतीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मीच विचारला होता, खाडीच्या याच काठावर.

माझं माहेर बाणकोटच्या बाजूला. १९८६च्या मे महिन्यात मी सतरा वर्षं चार महिन्यांची होते. अकरावीचा निकाल लागून बारावीची पुस्तकं घरात आली होती, त्यांना कव्हरंही घातली होती. आमच्याकडे आंब्याच्या पेट्या ठोकायला हरिहरेश्वरचा एक मुलगा यायचा. वीस वर्षांचा. जात वेगळी. तेव्हा तो 'हा' होता, लग्नानंतर 'हे' झाले. सावित्री नदी जिथं समुद्राला मिळते तिथं रत्नागिरी जिल्हा संपतो आणि रायगड सुरू होतो. जंगलजेटी तेव्हा नव्हती, माणसं तरीतून पलीकडे जायची. भरतीच्या वेळी भल्या पहाटे मी तरीत बसले. तरीवाल्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि पैसे घेतले नाहीत. त्यानं ओळखलं होतं की मला मुकाट जाऊ दिलं, हे आजही मला सांगता येत नाही.

देवळात लग्न लागलंच नाही. ह्यांच्या आत्याच्या घरी, पडवीत लागलं. भटजी दुसऱ्या गावचे. त्यांनी गोत्र विचारलं, नक्षत्र विचारलं, वय कुणी विचारलं नाही. आत्यानं तांदळाच्या सात राशी घातल्या आणि प्रत्येकीवर एकेक रोठा ठेवला. रोठा म्हणजे आमची श्रीवर्धनी सुपारी. पाचवी सुपारी उचलून तिनं कानाशी हलवली, ती पोकळ निघाली, म्हणून बदलली. मी तेवढ्या वेळात चौथ्या राशीवर एका पायावर उभी होते. मग हरिहरेश्वरला येऊन पाया पडलो. इथं आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि परत काळभैरव, असा दर्शनाचा क्रम. ह्यांनी तो बिनचूक पाळला. मी माहेरच्या दिशेला बघायचं टाळत होते, पण प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकांत उतरलं की समुद्राशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

वडिलांनी तक्रार केली नाही. त्यांनी माझं नाव घेणं सोडलं. ते जास्त सोपं होतं. बारावीची पुस्तकं धाकट्या भावानं वापरली, कव्हरांसकट.

पुढची पस्तीस वर्षं आमचं लग्न कायदेशीर आहे का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. दोन मुलं झाली, वाडी वाढवली, खोल्या बांधल्या. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दुपारभरात निम्मी वाडी आडवी झाली. माडापेक्षा पोफळीचं जास्त वाईट वाटतं. ती कोवळ्या पोरीसारखी सरळ असते आणि मोडते तीही सरळच. दुसऱ्या वर्षी हे गेले. सातबाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ आली आणि घरातल्याच एका माणसानं हरकत घेतली: लग्नाचा कागद कुठाय? आणि ही तर तेव्हा अज्ञान होती, म्हणजे लग्नच बेकायदा.

कागद नव्हताच. फोटोही नव्हता. पळून आलेल्यांच्या लग्नाला फोटोवाला कोण बोलावतो?

श्रीवर्धनला एक वकीलबाई आहेत. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो वयाचा नव्हताच. "सप्तपदी झाली होती का?" मी राशी सांगितल्या, रोठे सांगितले, पोकळ निघालेली पाचवी सुपारी सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, १९५५चा हिंदू विवाह कायदा असं म्हणतो की, जिथं सप्तपदीची रीत आहे तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं आणि बंधनकारक. नोंदणी झाली नाही म्हणून लागलेलं लग्न तुटत नाही, आणि नुसत्या नोंदणीनं न लागलेलं लग्न लागत नाही.

"आणि वय?"

इथं कायद्यानं मला चक्रावून टाकलं. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस ही अट १९७८पासूनची, म्हणजे आम्ही ती मोडली होती, दोघांनीही. पण कोणती लग्नं मुळातच शून्य, याची यादी कलम ११मध्ये आहे. पहिली बायको असताना केलेलं, निषिद्ध नात्यातलं, सपिंडातलं. त्या यादीत वय नाही. म्हणजे आमचं लग्न खरं आणि ते करणं हा गुन्हा, दोन्ही एकाच वेळी. त्या काळी शिक्षा काय? पंधरा दिवसांपर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हिशेब केला. हजार रुपयांत तेव्हा आमचा पावसाळा निघाला असता.

शिवाय, नवराबायको म्हणून वर्षानुवर्षं उघडपणे नांदलेल्यांचं लग्न झालेलंच होतं, असं कोर्ट गृहीत धरतं. जो नाही म्हणेल त्यानं ते सिद्ध करावं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा १९७८चा निकाल बाईंनी वाचून दाखवला. त्यातलं जोडपं पन्नास वर्षं एकत्र राहिलेलं. चौकशीला आत्याला नेलं. ऐकू कमी येतं, पण पाचवी सुपारी तिनं न विचारता सांगितली. नोंद झाली. नावापुढे 'पत्नी' असा शब्द पडला, तो मी घरी येऊन चष्मा लावून परत वाचला.

तर त्या नोव्हेंबरात मला हे सगळं ताजं ठाऊक होतं. घावनं संपल्यावर मी वकीलबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

त्यांनी पोरांना घाबरवलं नाही, गोडही बोलल्या नाहीत. माझ्या वेळचा कायदा आता राहिलेला नाही, म्हणाल्या. २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा १ नोव्हेंबर २००७पासून लागू आहे. त्यात लग्न लावणारा भटजीही गुन्हेगार, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. अठरा वर्षांवरच्या नवऱ्यालाही तेवढीच. गावातला ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तरीही असं लग्न लागलंच, तर ते आपोआप शून्य होत नाही, 'शून्यकरणीय' होतं. हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. म्हणजे मुलगी अठराची झाल्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत कोर्टात जाऊन म्हणू शकते, मला हे नको. मूल झालं असेल तर ते औरसच.

"म्हणजे लग्न टिकतं!" मुलगा एकदम उजळला.

"थांबा. अज्ञान मुलीला पालकांच्या ताब्यातून फूस लावून नेलं असेल, तर ते शून्यकरणीय नाही, शून्यच. आणि मुलीच्या घरच्यांनी आत्तापर्यंत पोलिसांत काय लिहून दिलं असेल, सांगू?"

सांगायची गरज नव्हती. पेपरात रोज येतं: 'अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले.' मुलगी म्हणते, मी पळून गेले. बाप म्हणतो, पळवून नेली. मधल्या एका 'व'वर मुलाचं आयुष्य टांगलेलं. साठच्या दशकात मद्रासच्या वरदराजन खटल्यात सुप्रीम कोर्टानं हा 'व' नीट सोडवून दाखवला होता. अठराच्या उंबरठ्यावरच्या कॉलेजातल्या मुलीनं आपल्या समजुतीनं घर सोडलं, तर सोबत गेलेल्यानं तिला 'नेलं' असं होत नाही. तो सुटला. पण २०१२पासून पॉक्सो, म्हणजे अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा आहे, आणि तिथं अठराखालच्या मुलीच्या होकाराला किंमत शून्य. २०२३च्याच जुलैत मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी एका तरुणाला सोडलं होतं. मुलगी साडेसतराची, निकाह झालेला, तिनं स्वतः आपल्या मनानं गेल्याचं सांगितलेलं. पण सुटका झाली ती खालच्या कोर्टात शिक्षा होऊन गेल्यावर.

किल्ली फिरायची थांबली होती.

मी मुलीला आत घेतलं, माझ्या खोलीत झोपायचं म्हणून सांगितलं. मुलाला ओटीवर पथारी. रात्री ती कूस बदलत होती. "तुम्ही तरी केलंतच ना, काकू," म्हणाली. खरं होतं. मी म्हटलं, केलं, आणि माणूस चांगला निघाला, हा माझा शहाणपणा नव्हे. बारावीची कव्हरं मी अजून विसरलेले नाही. सात महिने थांब. सातवं पाऊल पडलं की कोर्टाच्या पायऱ्या चढल्याशिवाय मागे येता येत नाही. तुझ्यासाठी सात रोठे मी बाजूला ठेवते, वादळातून वाचलेल्या पोफळींचे.

चाइल्डलाइनचा १०९८ लावू का, म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, आधी मावशीला. तोवर तिच्या घरून तक्रार गेली होती. सकाळच्या जेटीनं वडील, मावशी आणि मागोमाग पोलीस. वडिलांनी चहा घेतला नाही. जाताना मात्र मला एका बाजूला घेऊन हळूच विचारलं, "लग्न लागलं नाही ना?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. कपाळावर घाम नव्हता.

माझा जबाब झाला. मुलीनं न्यायाधीशांपुढे, मी माझ्या मनानं गेले, असं सांगितलं. तरी मुलाला जामीन मिळायला अठरा दिवस गेले. आमच्या गुन्ह्याची अख्खी शिक्षा पंधरा दिवसांची होती. अर्थात पंधरा दिवसांच्या भीतीनं आम्ही थांबलो नव्हतो, हेही खरंच. तेव्हा कायदा कडक केला ते चुकलं, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. फक्त त्याची धार माणूस बघून चालत नाही. पन्नाशीच्या बिजवराला सोळा वर्षांची मुलगी देणारे कुठले तरी मामा, आणि ओटीवर झोपलेला हा पोरगा, दोघांना एकच माप.

गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. आवाज ओळखला नाही, आणि मग एकदम ओळखला. डिप्लोमाचं दुसरं वर्ष. तो चाकणला कारखान्यात आहे. बोलणं होतं अधूनमधून, रोज नाही.

"मग?" मी विचारलं.

"अजून ठरलं नाही, काकू. बघू." मागे बसस्टँडचा गलबला ऐकू येत होता. "पण सुपाऱ्या ठेवल्यात ना?"

"ठेवल्यात तर," मी म्हटलं. भाव बरा आला म्हणून सगळा रोठा मी होळीच्या आधीच विकला होता.