दोन हातांच्या मधला वेळ

पितृपक्षात माझी पोरं बसून असतात. घट बसले की फोन सुरू होतात, आणि दसरा उलटला की सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘ताई, वसुबारसेच्या आत उरकेल ना?’ मी पुण्यात रंगकामाची कंत्राटं घेते, तीही बहुतेक राहत्या घरांची. रिकामा फ्लॅट कुणीही रंगवेल. राहत्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत असतात, दहावीचं पोर अभ्यासाला बसलेलं असतं, आजोबांची वामकुक्षी असते. त्यात दिवाळी तोंडावर आलेली, म्हणजे हॉलच्या मधोमध कुणीतरी कंदिलाच्या कामट्या आणि पतंगी कागद घेऊन मांडी ठोकून बसलेलं असतंच. घरची बाई ओशाळून म्हणते, ‘हे सगळं उचलायला लावते हं.’ मी म्हणते, उचलू नका. फक्त मला विचारून पसरा.

रंगकामात रंग लावायला लागणारा वेळ थोडा, थांबायला लागणारा फार. इमल्शनचा एक हात मारला की दुसऱ्या हाताआधी चार ते सहा तास सोडावे लागतात. पुट्टीच्या दोन थरांतही साधारण तेवढेच. दारं-खिडक्यांना ऑइलपेंट असेल तर मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. कुठे भिंत फोडून नवा गिलावा केला असेल तर २८ दिवस हात लावायचा नाही. सिमेंटमधला क्षार निवायच्या आत रंग चढवला तर तो रंगाला खातो आणि भिंतीवर चट्टे उठतात. या मधल्या तासांत पोरं जिन्यात चहा पीत बसतात आणि घरमालकाला वाटतं, रोजाचे पैसे घेऊन आराम चाललाय. आराम नाही, भिंत वाळतेय. हा वेळ मी घराच्या नावावर लिहून देते. कंदील, भरतकाम, रांगोळीचे ठिपके, किल्ल्याची माती, काय असेल ते याच तासांत बसवा. ‘रंग होऊन जाऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्या घरात ते होत नाही, कारण रंग संपतो त्या दिवशी फराळ सुरू होतो.

एक दिवस मात्र यातून वगळायचा, तो घासाईचा. वाळलेल्या पुट्टीवर पॉलिशपेपर फिरला की उडणारी धूळ पिठीसाखरेहून बारीक असते आणि बंद कपाटातही शिरते. शिलाई मशीनच्या शटलमध्ये जाते, पेटीच्या भात्यात जाते, गोधडीच्या टाक्याटाक्यांत बसते. माझ्या सासूबाई गोधड्या शिवतात. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. जमिनीवर पसरलेली गोधडी मध्येच उचलली तर आतले थर सरकतात आणि मग ती कायमची गोळा होते. आमचं स्वतःचं घर काढलं तेव्हा त्यांनी मला सरळ सांगितलं, ‘तुझी घासाई आधी, माझी गोधडी मग.’ पुस्तकात कुठे छापलेला नसला तरी हा नियम मी आता गिऱ्हाइकांकडेही लावते. जास्तीची पोरं घालून सगळ्या खोल्यांची घासाई एका दिवसात उरकायची. त्या दिवशी घरच्यांनी माहेरी जावं, सिंहगडावर जावं, कुठेही जावं. संध्याकाळी ओल्या फडक्याने भिंती आणि फरशी पुसून घेतली की पुढे धूळ नाही. मग एकेक खोली घ्यायची. जुना रंग धड असेल तर खोलीला तीन दिवस धरायचे, आणि बाकीच्या खोल्यांत घर नेहमीसारखं चालू.

खोल्यांचा क्रमही मीच ठरवते आणि तिथे माझं कुणाशी जमत नाही. प्रत्येकाला हॉल आधी हवा असतो. मी स्वयंपाकघर आधी घेते. ताज्या रंगाशेजारी कढई चढली की तेलाची वाफ भिंतीला धरते, आणि तेलकट भिंतीवर दुसरा हात नीट बसत नाही. भाजणी दळून येण्याआधी स्वयंपाकघर मोकळं झालं की गृहिणी मोकळी, आणि गृहिणी मोकळी म्हणजे मी मोकळी. हॉल शेवटी. तोपर्यंत हॉलमध्येच कंदील होतो.

डागडुजीबद्दल थोडं कडक बोलायला हवं. निम्मी गिऱ्हाइकं मला रंगासाठी बोलावतात आणि दाखवतात ओल. कपाटामागे पोपडे आलेत, कोपऱ्यात लोणा धरलाय, ‘यावर काहीतरी चांगला रंग मारा.’ पाण्यावर रंग हा इलाज नाही. पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय मी डबा उघडत नाही. एक साधी तपासणी घरच्या घरी करता येते. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी थेंब प्लॅस्टिकच्या आत, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती घरातलीच दमट हवा, तिला खिडकी उघडणं पुरतं. पश्चिमेच्या भिंती पावसाचा मारा खातात. सप्टेंबरभर पाऊस लांबला तर त्या दसऱ्यालाही पोटात ओल्या असतात. वरून हात लावला तर कोरड्या लागतात, आणि माणूस फसतो तो इथेच.

वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून पाणी येत असेल तर काम माझं राहत नाही, शेजारधर्माचं होतं. तिथे फरशीचे सांधे उकरून ग्राउट भरायचं, नहाणी ट्रॅपभोवतीची फट बघायची. त्यासाठी वरच्यांचं न्हाणीघर दोन-तीन दिवस बंद ठेवावं लागतं, आणि ते ऐन दिवाळीत कुणीही ठेवणार नाही. हे बोलणं मे महिन्यात, पाऊस पडायच्या आत करायचं. आमरसाची वाटी वर पाठवून केलेलं बोलणं सोसायटीच्या पत्रापेक्षा लवकर फळतं, हा माझा अनुभव.

घरच्यांनी स्वतः काय करावं? खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवावी, बिजागरीला तेल द्यावं, एखादं कपाट रंगवावं. विजेच्या पेटीला हात लावू नये, आणि परांचीवर चढू नये. स्टुलावर स्टूल ठेवून छत रंगवणारे हौशी बाबा मी पाहिलेत. त्यांना खाली उतरवणं हेही माझ्या कामात येतं.

लहान मुलं असलेल्या जुन्या घरात मी आणखी एक हट्ट धरते. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद, हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-लाल-हिरव्या छटांत, शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. अशी दारं कोरडी घासायची नाहीत, पाणी मारून वॉटरपेपरने घासायची. गाळ कागदात गुंडाळून टाकायचा आणि रांगतं मूल त्या दिवशी घरात नको. शिसं मुलांच्या मेंदूवर उठतं, आणि ते पोटात जातं धुळीचे हात तोंडात घातल्यामुळे.

हे सोडलं तर मुलांना रंगापासून हाकलू नये असंच माझं मत. गंमत बघा, एशियन पेंट्सचा गट्टू आठवतो ना? आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला, कपाळावर केसांची बट आलेला, हातात ब्रश आणि ओघळणारा डबा घेतलेला व्रात्य पोरगा. रंगाच्या दुकानावर पोरगा चालायचा, आणि घरात खरा पोरगा ब्रशजवळ आला की आपण डोळे वटारतो. माझी पोरं कपाटामागची भिंत मुलांना देतात. प्रायमरवर पहिला हात त्यांनी मारावा, ओघळ येऊ देत, दुसऱ्या हातात सगळं झाकलं जातं. कपाट पुन्हा लागलं की कुणी बघत नाही. मुलांना मात्र ठाऊक असतं.

भिंतीवर काही काढायचं तर हल्ली मागणी येते ती वारलीची. ‘ताई, सोफ्यामागे वारली करून द्या, स्टेन्सिल आहे ना तुमच्याकडे?’ आहे, पण मी नाही म्हणते. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक भिंतीवर काढतात तो सवाशिणी. शेण-मातीने सारवून गेरू दिलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक चावून चोथा केलेली बांबूची काडी, एवढंच सामान. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात ती कागदावर आणली आणि पुढे २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुळात ते घरच्या माणसांनी, घरातल्या कार्यासाठी केलेलं काम. ते रोजंदारीवर छाप्याने उठवलं की छतापर्यंत एकसारख्या बाहुल्या नाचतात आणि महिन्याभरात डोळ्यांना कंटाळा येतो. म्हणून मी गेरूच्या छटेचं मॅट इमल्शन देऊन भिंत तयार करून देते. चकचकीत रंग नको, त्यावर बारीक रेघ घसरते. पुढे पांढरा ॲक्रिलिक आणि शून्य नंबरचा ब्रश घेऊन घरच्यांनीच बसावं. वारल्यांची नक्कल करण्यापेक्षा आपल्या घरातलं काढावं, आपली गाडी, आपलं मांजर, आपला सहाव्या मजल्याचा जिना. एका घरात आजोबांनी पीएमटीची बस काढली होती. चाकं चौकोनी होती, पण मार्ग क्रमांक बरोबर होता.

हळदीचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण त्यात माझा धंदा आणि घरचा संसार समोरासमोर आले. कसब्यातलं घर. उन्हाळ्यात मुलाचं लग्न झालेलं, आणि आत येणाऱ्या सुनेने दाराशेजारच्या भिंतीवर हळदीचे हात उठवलेले. सासूबाईंना ते हात हवे होते, सुनेलाच नको होते. तिचं म्हणणं, ‘सगळं घर नवं आणि तेवढंच मळकट दिसेल.’ माझ्या पोराने वाद संपायची वाट न बघता कडेने पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ओढायला घेतली, आणि करंगळीशी पुट्टी लागली तिथे पिवळी हळद बघता बघता लाल झाली. दोघी दचकल्या. त्यात दचकण्यासारखं काही नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. आपलं जुनं कुंकू याच गुणावर बनायचं, हळद आणि चुना. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीत क्षार असतोच. असा डाग पाण्याच्या रंगाने झाकत नाही, प्रत्येक हातातून वर येत राहतो. त्याला आधी तेली प्रायमरने बंद करावं लागतं.

प्रायमर आणायला पोरगा दुकानात गेला. तेवढ्या वेळात मी सासूबाईंना सांगितलं की हळद उजेडाने विटते, ठेवलेत तरी दोन-तीन दिवाळ्यांत ते हात जातील. त्या गप्प झाल्या. सून आतून ट्रेसिंग पेपर घेऊन आली. ती कापडावर ब्लॉकची छपाई करायची, सामान घरातच होतं. तिने दोन्ही तळव्यांची कड कागदावर उतरवून घेतली. आम्ही प्रायमर मारला, भिंतीला बदामी रंगाचे दोन हात दिले, आणि त्या दोन हातांच्या मधल्या दुपारी तिने लाकडी ठोकळ्यावर तेच तळवे कोरायला घेतले. पुढे त्यांचा छापा गेरूच्या रंगात उंबऱ्याशेजारी उठला. सासूबाईंनी डावा छाप तिरका आल्याची तक्रार केली. माझं बिल वेळेवर दिलं.

वाड्यांच्या कामात सल्ला उलटा. विटा, माती आणि चुन्याच्या जुन्या भिंतींना प्लॅस्टिक पेंट देऊ नका. तो भिंतीचं तोंड बंद करतो, आतली वाफ अडते आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्यासकट पापुद्रा सुटतो. तिथे चुनाच बरा. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो. तो निवू द्यायचा, गाळायचा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची. भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा कडक होतो. मुलांना खरोखर लांब ठेवायचं ते या कामात, कारण ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

आता तारखांचं. माझं ऐकाल तर पितृपक्षात काम काढा. तेव्हा पोरं मोकळी असतात, कामाची घाई नसते आणि मीही दोन पैसे सोडते. पक्षात नवं काम नको असं घरातल्या मोठ्यांना वाटत असेल तर मीही त्यांच्याशी वाद घालत नाही. नुसती घासाई आणि डागडुजी करून घ्या, ती काही शुभकार्यात मोडत नाही. रंगाचा पहिला हात घट बसले की मारू. ऐन शेवटच्या आठवड्यात मात्र आग्रह धरू नका. माझी बरीच पोरं उत्तर प्रदेश-बिहारची आहेत. दिवाळी आणि छठला त्यांची गावची तिकिटं आधीच काढलेली असतात. घर रंगवणाऱ्यालाही घर असतं.

काम संपल्यावर उरलेला रंग फेकू नका. प्रत्येक छटेचा पाव लिटर काचेच्या बरणीत भरा, झाकणावर छटेचा नंबर आणि खोलीचं नाव लिहा, पुढे सोफा घासून भिंतीला ओरखडा गेला की तोच कामी येतो. उरलेलं इमल्शन किल्ल्याला द्या. गोणपाटावर माती थापून बुरूज वाळले की विटकरी छटा तटाला, करडी पायऱ्यांना, आणि उतारावर अळीव पेरा. अळिवावर रंग सांडू नका, उगवत नाही. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन मात्र मुलांच्या हातात द्यायचं नाही, ते आम्ही जाताना घेऊन जातो. शिडी न्यायची राहिली तर फोन करा.