पेटी कोणती घ्यावी?

मराठी घरात ‘पेटी’ हा एकच शब्द किती वस्तूंना पुरतो! भजनाला बसले म्हणजे पेटी वाजते, प्रवासास निघाले म्हणजे पेटी भरते. आम्हां बडोदेकरांना आणखी एका पेटीचा अभिमान आहे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणले आणि राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले, तेव्हा खेडोपाडी पुस्तकांनी भरलेल्या पेट्या धाडल्या जात. पेटीतली पुस्तके वाचून झाली की ती परत जाई आणि दुसरी येई. गेल्या वर्षी आमच्या घरी जी पेटी घ्यावयाची होती ती साबणाच्या वडीएवढी होती. पण तिने आम्हांला दोन महिने विचारात पाडले.

दुकानदार तिला ‘स्ट्रीमिंग बॉक्स’ म्हणतात. एक तार दूरदर्शन संचाच्या एचडीएमआय खाचेत, दुसरी विजेच्या खटक्यात आणि घरातल्या वाय-फायशी जोडणी, एवढे झाले की आंतरजालावरील चित्रपट, नाटके, गाणी संचाच्या पडद्यावर अवतरतात. २००८ मध्ये अमेरिकेत ‘रोकू’ची अशी पेटी निघाली, २०१३ मध्ये गूगलने बोटभर लांबीचे ‘क्रोमकास्ट’ ३५ डॉलरना विकावयास काढले आणि ही चैन सामान्यांच्या आटोक्यात आली. नव्या संचांत हे सारे आतच असते. पण आमचा संच २०१४ चा, चित्र अजून स्वच्छ, आवाज खणखणीत. चालती वस्तू टाकून देण्याची रीत आमच्या घरात नाही.

तरीही आम्ही या खटाटोपात पडलो, त्याचे कारण आमच्या मातोश्री. त्यांचे वय ८४. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजू लागला. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. दारातून कोण आले ते कळते, पण त्याचा चेहरा कळत नाही. आणि ज्या बाईंनी उभा जन्म दुपारच्या वेळी मराठी पुस्तक वाचण्यात घालविला, त्यांना आता एक अक्षर लागत नाही. घरात आम्ही सारे सकाळी दहाला बाहेर पडतो ते पाचनंतर परततो. रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी, कचेरीत हिंदी; मराठीचा सारा संसार आईंच्या खोलीत. ती खोलीच दुपारभर मुकी होऊन बसली होती. पेटीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. “मला काय ऐकायचं ते मी ठरवीन आणि माझं मी लावीन. ‘जरा लावून दे रे’ म्हणत कुणाची वाट पाहायची नाही.”

आमची स्वतःचीही एक अट होती. आमचे वडील हौशी नट. १९८४ च्या गणेशोत्सवात आमच्या पेठेतील मंडळाने ‘एकच प्याला’ केले, त्यात ते तळीराम झाले होते. बडोद्यात या नाटकाचे अप्रूप निराळे. गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, १९१९ च्या फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला तो याच नगरीत. मंडळाच्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण कुणी हौशीने रंगमंचाशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून केले होते. त्याच्या दोन कॅसेटी आणि त्या काळच्या इतर एकवीस, कुठे मावशींची गाणी, कुठे बारशाचा गोंधळ, अशा सर्व आमच्या भाच्याने मागेच संगणकावर उतरवून एका हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. वडील जाऊन तीस वर्षे झाली. त्यांचा आवाज डिस्कमध्ये होता, डिस्क कपाटात होती, आणि तो ऐकावयाचा तर कुणीतरी संगणक उघडून बसावे लागे.

पेटी घ्यावयाची म्हटल्यावर सल्लागारांना काय तोटा! चिरंजीवांचे म्हणणे, घ्यावयाची तर ‘फोर-के’चीच घ्या. फोर-के म्हणजे चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. आमचा संच १९२० आणि १०८० ठिपक्यांचा. तांब्याला घागरीचे पाणी मावत नाही, तसेच हे. शिवाय असे चित्र अखंड येण्यास सेकंदाला पंधरा मेगाबिटच्या आसपास वेग लागतो, साध्या पूर्ण एचडीला पाच पुरतात. तेवढ्यावरही तासाला सव्वादोन जीबीचा खप होतो. संच पुढे कधी बदलला तर उपयोगी पडेल, एवढ्यापुरते त्यांचे म्हणणे आम्ही टिपून ठेवले.

भाच्याचे मत निराळे. तो म्हणाला, “मामा, रास्पबेरी पाय घ्या.” हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक इंग्लंडातील एका धर्मादाय संस्थेने २०१२ मध्ये मुलांना संगणकविद्या शिकता यावी म्हणून काढला. त्यावर ‘कोडी’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम बसविला की घरातील डिस्कवरचे सारे संगीत, सारी चित्रे पडद्यावर नीट मांडून दिसतात. कल्पना आम्हांला मनापासून आवडली. पण काही बिघडले तर भाचा सुरतेस, आम्ही बडोद्यास. ज्या यंत्राचा वैद्य परगावी, ते यंत्र ८४ वर्षांच्या एकट्या बाईच्या हाती देणे बरे नव्हे.

शेजारच्या एका गृहस्थांनी तर फुकटात स्वर्ग दाखविला. बिननावाची एक काळी पेटी, निम्म्या किमतीची. आत सर्व वाहिन्या, सर्व चित्रपट, वर्गणी नाही. अशा पेट्यांविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. एक म्हणजे, चित्रपट पुरविणाऱ्या कंपन्या आपले चित्र चोरीस जाऊ नये म्हणून त्यास कुलूप घालतात आणि त्याची पक्की किल्ली प्रमाणित पेट्यांनाच देतात. पेटी प्रमाणित नसेल तर रीतसर पैसे भरूनही कित्येकदा चित्र अंधुकच मिळते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला, की अशा स्वस्त पेट्यांपैकी लाखोंमध्ये ‘बॅडबॉक्स’ नावाचा घातक कार्यक्रम आढळला असून त्यातून घरचे आंतरजाल परक्यांच्या दुष्कृत्यांसाठी वापरले जाते. फुकटच्या वाड्याला मागचे दार असते, हे पूर्वीचे लोक सांगत ते खोटे नव्हे.

सूनबाईंचा प्रश्न मात्र सर्वांत मर्मावर बोट ठेवणारा होता. “बाबा, यातलं आपलं काय आणि कंपनीचं काय?” आम्ही थबकलो. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पण त्याच्या लहरी बडोद्यापर्यंत पोहोचत नव्हत्या. तिथल्या नाटकांचे वर्णन आम्ही नातेवाइकांच्या पत्रांतून वाचत असू. १९९९ मध्ये उपग्रहावरून ‘अल्फा मराठी’ आली, पुढे तिची ‘झी मराठी’ झाली, आणि पहिल्यांदाच आमच्या दिवाणखान्यात रोज मराठी बोलले जाऊ लागले. आता आंतरजालावर शेकडो मराठी चित्रपट आणि नाटके आहेत. परदेशी वा परप्रांती असलेल्या मराठी घराला एवढी समृद्धी पूर्वी कधी लाभली नव्हती, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण ही सारी उसनी. वर्गणी थांबली की दार बंद. हक्कांचा करार संपला की काल पाहिलेला चित्रपट आज जागेवर नसतो. फिरत्या ग्रंथालयाच्या पेटीसारखेच हे. मात्र ती पेटी परत जाताना दुसरी येणार याची खात्री असे. आणि तळीरामाचे काम करणारे आमचे वडील कोणत्याच कंपनीच्या यादीत कधी येणार नाहीत. ते आपणच राखावयाचे.

अशा रीतीने आमच्या अटी ठरल्या. पेटी प्रमाणित हवी. तिला डिस्क जोडण्यासाठी यूएसबी खाच हवी. बोटाएवढ्या कांडीवजा यंत्रांत ती बहुधा नसते. वाय-फाय भिंतीपलीकडून येणार, म्हणून लांब पोहोचणारी २.४ गिगाहर्ट्झची लहर तिला घेता यावी. संच आणि पेटी दोन्ही एकाच रिमोटने चालू व्हावीत, आणि त्या रिमोटला चाचपता येतील अशी उंच बटणे असावीत. मोबाइलच्या काचेला ना खाच ना उंचवटा, तेव्हा मोबाइलवरून चालविण्याची सोय आईंच्या कामाची नव्हती.

एका पेनड्राइव्हवर पाच फिती भरून आम्ही रावपुऱ्यातील दुकानात गेलो. फितींची नावे मुद्दाम देवनागरीत ठेवली होती, त्यांत एक ‘क्ष’ आणि एक ‘र्‍य’ होता. पहिल्या पेटीने नावांच्या जागी रिकामे चौकोन दाखविले. दुसरीने अक्षरे दाखविली, पण ‘लक्ष्मी’चे तुकडे करून. तिसरीने नावे शुद्ध वाचली, फिती वाजविल्या आणि रिमोटही ठसठशीत होता. दुकानदार गुजराती, सज्जन, तो हसून म्हणाला, “काका, इतकी परीक्षा तर मुलगी बघायला जाणारेपण घेत नाहीत.” आम्ही तिसरी पेटी घेतली.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी खरी युक्ती केली. रिमोटच्या मधल्या बटणावर त्यांनी खड्याची टिकली चिकटविली. चिरंजीवांनी डिस्कचा कप्पा पडद्यावरील पहिल्या जागी आणून ठेवला, मराठी नाटकांचा दुसऱ्या जागी. आईंनी चार दिवसांत मंत्र पाठ केला: वरचे गोल बटण, एकदा उजवीकडे, मग टिकली. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी आपल्या हाताने, घरात कुणी नसताना, ‘एकच प्याला’ लावले.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा त्या गंभीर होऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “अरे, हा आवाज यांचा नव्हे.”

आम्ही समजूत घालू लागलो, की इतक्या वर्षांनी आवाज परका वाटणारच. त्या म्हणाल्या, “वर्षांचं मला नको सांगूस. सिंधूचं काम करणारी काळी एकमध्ये गायची. तालमी आपल्या माडीवर झाल्या, चहा मी करीत होते. इथं ती पांढरी दोनमध्ये गातेय. आणि शेवटच्या अंकात तर आणखी वर.”

भाच्याला दूरध्वनी केला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मामा, आजीचं बरोबर असणार.” ध्वनिमुद्रण बॅटरीवर झाले असावे. बॅटरी उतरू लागली की फीत हळू सरकते. हळू सरकलेली फीत नेहमीच्या वेगाने वाजविली की आवाज चढा आणि पातळ येतो, आणि बॅटरी जसजशी संपत जाते तसतसा तो अधिकच चढतो. काळी एक ते पांढरी दोन म्हणजे अर्धा स्वर; तेवढे उतरविण्यास वेग साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी करावा लागतो. भाच्याने अंकाअंकाने वेग उतरवीत नवी प्रत केली आणि आठवड्याने पाठविली.

त्या रविवारी सारे घर बसले होते. तळीराम बोलू लागला आणि आईंनी पदर डोळ्यांना लावला. नात म्हणाली, “आजोबा, पणजोबा तर तुमच्यासारखेच बोलतात!” आम्हांला मात्र दुसराच विचार सुचला. गेली कित्येक वर्षे जो आवाज आम्ही वडिलांचा म्हणून जपला, तो थोडा चुकीचा होता, आणि हे सांगू शकणारी व्यक्ती घरात एकच होती. डिस्क कपाटातच राहिली असती, तर तो चुकीचा आवाजच पुढच्या पिढीकडे गेला असता.

म्हणून आमच्यासारख्या घरांना एक विनंती. पेटी कोणतीही घ्या, पण आपल्या घरचे तिच्यात वाजेल अशी घ्या. जुन्या कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसली तर त्या यंत्रात घालू नका, जाणकाराकडून आधी साफ करवून घ्या. संगणकावर उतरविताना मूळ प्रत पूर्ण दर्जाची ठेवा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीस एक जीबीहून कमीच जागा लागते. दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवा. आमची पुण्यास लेकीकडे आहे. आणि सर्वांत आधी, ज्यांनी ते मूळ ऐकले आहे त्यांना ते ऐकवा.

सध्या आमच्याकडे रविवारी दुपारी आई फिती लावतात आणि प्रत्येक आवाज कुणाचा ते सांगतात. नात शेजारी बसून वहीत नावे लिहिते. शाळेत ती देवनागरी हिंदीपुरतीच शिकली आहे, त्यामुळे ‘ळ’ लिहिताना अजून अडखळते. नाटकातील अकरा आवाजांची नावे आतापर्यंत लागली. तीन लागावयाची आहेत. १९८४ चा तो गणेशोत्सव पाहिलेले कुणी वाचक असतील, तर त्यांनी एखाद्या रविवारी आमच्याकडे अवश्य यावे. चहा आईच करवून घेतील.