पंपाची जोडी

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रान्सपोर्टनगर आहे. चिकनकारी, अत्तर आणि अदब यांसाठी नावाजलेल्या या शहराची ही बाजू प्रवासवर्णनांत सहसा येत नाही. अशा वस्त्यांत मालमोटारी दुरुस्त होतात, आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव दुसऱ्या गाड्यांच्या कामी येतात. त्या अवयवांत सर्वांत मानी अवयव म्हणजे डिझेल पंप.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते. त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सोडला की तेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले, परंतु तेल आत ढकलण्यासाठी त्याला दाबलेल्या हवेचा अवजड सरंजाम लागे. बॉश कंपनीने १९२७ मध्ये आटोपशीर पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि मालमोटारींत डिझेल स्थिरावले.

या पंपाच्या पोटात प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या आणि त्याची नळी असते. कारागीर त्यांना प्लंजर आणि बॅरल म्हणतात. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागांइतकीच, म्हणजे केसाच्या विसाव्या भागाहूनही कमी. ते एकमेकांवर घासूनच तयार होतात, म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालणे हा या धंद्यात अपराध मानला जातो. स्वस्तात काम उरकणारे तो करतात, आणि त्याची किंमत गाडीवाला मोजतो.

जुन्या पंपाची जोडी पारखणारा चांगला मिस्त्री ती स्वच्छ डिझेलमध्ये धुतो. फडक्याने पुसत नाही, कारण एक धागाही घात करतो. मग बॅरल तिरके धरून प्लंजर थोडा बाहेर ओढतो आणि सोडून देतो. प्लंजर स्वतःच्या वजनाने, न अडखळता, सावकाश आत उतरला पाहिजे. धाडकन पडला तर झिजलेला. अडला तर गंजलेला किंवा ओरखडलेला. प्लंजर फिरवून पुन्हा तेच. या परीक्षेला यंत्र लागत नाही, फक्त हात आणि धीर लागतो. यंत्राची पाळी नंतर येते: सर्व जोड्या बसवून पंप चाचणीयंत्रावर फिरवतात आणि काचेच्या नळ्यांत जमणारे तेल मोजतात. एक नळी इतरांहून जास्त भरली तरी इंजिन थरथरते.

इथवर केवळ दुरुस्ती झाली. खरा पेच पडतो तो साध्या इंजिनाचा जुना पंप टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाला जोडताना. टाटांच्या जुन्या ६९७ इंजिनाच्या नावातच त्याची ओळख आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. हे इंजिन आधी साधे होते, पुढे टर्बोसह आले. दोन्ही पंप वरून भावंडांसारखे दिसले तरी त्यांचे काम वेगळे. टर्बोचार्जर धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवेला जास्त तेल लागते. मात्र गाडी थांब्यावरून निघते तेव्हा धूर मंद असतो, हवेचा दाब चढलेला नसतो. त्या क्षणी पूर्ण तेल सोडले तर काळा धूर निघतो आणि पैसा वाया जातो. म्हणून अनेक टर्बो इंजिनांच्या पंपावर पातळ पडद्याची एक डबी असते. हवेचा दाब वाढला की पडदा सरकतो, आणि मगच तेलाचा दांडा पुढे जाऊ शकतो. जुन्या पंपाला ही डबी नसेल तर नुसता स्क्रू पिळून तेल वाढवता येते, आणि गाडीचे मालक तशी गळही घालतात. अशी गाडी चढावर आठवडाभर दिमाखाने धावते. पुढे पिस्टन वितळतात. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. गिऱ्हाईक गमावूनही नकार देणारा मिस्त्री म्हणूनच मोलाचा.

हाच प्रश्न लखनौतच, मानकनगरात, फार मोठ्या आकारात सोडवला गेला. तेथे रेल्वेची अनुसंधान अभिकल्प आणि मानक संघटना १९५७ पासून आहे. पुणे, कल्याणपासून देशभर धावलेल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांची शक्ती २६०० अश्वशक्ती होती. त्यांतील सोळा सिलिंडरांना प्रत्येकी स्वतंत्र पंप असे. अभियंत्यांनी प्लंजरचा व्यास १५ वरून १७ मिलिमीटर केला. दोन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक, पण क्षेत्रफळ सुमारे २८ टक्क्यांनी वाढले. तेवढेच तेल कमी वेळात आत गेले आणि अधिक नीट जळले. त्याला जोड म्हणून अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर आला, पिस्टन आणि कॅमशाफ्टही बदलले. नुसता मोठा पंप बसवून भागले नसते, हे ट्रान्सपोर्टनगरच्या जाणत्या मिस्त्रीनेही सांगितले असते. पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात अनेक जुनी इंजिने मोडीत न काढता अशी पुन्हा बांधली गेली आणि ३१०० अश्वशक्तीची होऊन रुळांवर परतली.

एप्रिल २०२० पासून नव्या मालमोटारींना भारत-६ मानके लागू झाली. त्यांत तेलाचे माप संगणक ठरवतो. जुन्या मालमोटारी, ट्रॅक्टर आणि जनरेटर यांच्यासाठी मात्र डिझेलने भरलेल्या थाळ्यांत प्लंजर-बॅरलच्या जोड्या अजून धुतल्या जातात, प्रत्येक जोडी आपापल्या खणात.