मसुदा आहे तोवर

कायदा झाल्यावर त्याच्या नावाने ओरड करणारे पुष्कळ असतात. तो होण्याआधी मसुदा वाचणारे थोडे. आपल्या घरांत तर सरकारी कागद आला की तो वकिलाकडे किंवा जमातीच्या जबाबदार मंडळींकडे सरकवायचा, अशीच रीत आहे. २०२५ च्या रमजानमध्ये कल्याणच्या आम्ही तीन शेजारी घरांनी ही रीत बाजूला ठेवली आणि एक विधेयक स्वतः वाचले.

ते होते महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. जुलै २०२४ मध्ये ते प्रथम मांडले गेले. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात पुन्हा आले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष होते. लोकांनी सूचना व हरकती १ एप्रिलपर्यंत पाठवायच्या होत्या. ईद ३१ मार्चला होती. म्हणजे लिहायचे तर रोजे सांभाळूनच लिहायचे होते.

सरकारचे म्हणणे असे की, जंगलातला नक्षलवाद आटोक्यात आला, पण शहरांत त्याला पाठबळ देणाऱ्या संघटना आहेत. छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशात असा कायदा आहे, मग महाराष्ट्रात का नको? बंदुकीच्या राजकारणाला आमचाही विरोध आहे. गडचिरोलीत मारला गेलेला पोलीस शिपाई कोणाचा तरी मुलगाच असतो. म्हणून प्रश्न हेतूचा नव्हता, शब्दांचा होता.

शब्दांकडे आमचे लक्ष वळवले ते पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने. जयप्रकाश नारायण यांनी आणीबाणीत, १९७६ मध्ये ती स्थापन केली. ‘पीयूसीएल’ची भूमिका स्पष्ट होती: विधेयक मागेच घ्या. बेकायदेशीर कृत्याची व्याख्या फार सैल आहे. त्यात हिंसेबरोबर सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याचा ‘कल’ असणे आणि प्रस्थापित कायदा न पाळण्यास उत्तेजन देणे हेही बसते. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारचा, आणि कोणावर गुन्हा सिद्ध होण्याआधीच जागा ताब्यात घेता येते. दहशतवादासाठी यूएपीए आणि संघटित गुन्हेगारीसाठी मकोका असताना आणखी एक कायदा कशाला, असाही तिचा सवाल होता.

तरावीहनंतर आम्ही एकेक कलम मोठ्याने वाचत असू. एका कलमाशी घरातल्या बाया थांबल्या. बेकायदेशीर ठरलेल्या संघटनेचा सदस्य नसलेल्या माणसानेही तिला देणगी दिली, किंवा तिच्या सदस्याला आसरा दिला, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड. जकात आणि सदका काढण्याचे ते दिवस. पावतीबुके घेऊन माणसे दारात येतात, आपण नाव विचारतो, रक्कम देतो. प्रत्येक संस्थेची चौकशी कोण करतो? शेजारच्या आपांनी विचारले, “आज दिलेल्या पैशाचा जाब पाच वर्षांनी मागितला तर?” प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर आम्हाला मसुद्यात सापडले नाही.

मग खरी अडचण आली. हरकतीवर नाव आणि पत्ता लिहायचा की नाही? एका घरातले चाचा म्हणाले, “हे डाव्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. आपण नाव दिलं तर उगाच नजरेत येऊ.” त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुस्लिम वस्त्यांनी रात्रीची तपासणी पाहिलेली आहे. पण दुसऱ्याच्या दारात आहे म्हणून गप्प राहायचे, हे आपल्याला शिकवलेले नाही. नबुव्वतच्या आधी मक्केत ‘हिल्फुल फुदूल’चा करार झाला, तो एका परक्या येमेनी व्यापाऱ्याचे पैसे एका वजनदार मक्कावासीयाने बुडवले म्हणून. प्रेषित मुहम्मद (स.) त्या करारात सामील होते आणि पुढेही त्याची आठवण अभिमानाने काढत. तो व्यापारी त्यांच्या कबिल्याचा नव्हता.

शेवटी आम्ही नाव-पत्त्यासह एक पानाची हरकत लिहिली. विधेयक मागे घ्यावे. ते होत नसेल तर व्याख्येतून ‘कल’सारखे शब्द काढावेत, देणगीच्या कलमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द घालावा, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणाचे घर ताब्यात घेऊ नये. चाचांनीही सही केली.

समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. काही फरक पडला. तपास आता पोलीस उपनिरीक्षक नव्हे, तर किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करील. सल्लागार मंडळाच्या रचनेत बदल झाला. उद्देशात ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटना असे आले, पण त्यापुढे ‘तत्सम’ संघटनांचीही जागा राहिलीच. सैल व्याख्या तशीच राहिली. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आवाजी मतदानाने विधेयक मंजूर केले; डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेनेही ते मंजूर केले. हा कायदा सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांवर वापरला जाणार नाही, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले आहे.

त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवायचा नाही. पण आश्वासन देणारा खुर्चीवरून उठतो आणि कायद्यातला मजकूर तिथेच राहतो. छत्तीसगडचा असाच कायदा २००५ चा. त्याखाली २००७ मध्ये पकडले गेले डॉ. बिनायक सेन, गरिबांवर उपचार करणारे बालरोगतज्ज्ञ आणि ‘पीयूसीएल’चेच पदाधिकारी. त्यांना खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनावर सोडले. मकोका १९९९ मध्ये टोळ्यांसाठी आला. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचा खटला त्याच कायद्याखाली चालला आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. त्या बाराजणांपैकी एक निकालाआधीच तुरुंगात वारला होता.

जुना मजकूर कसा जागा होतो, हे आमच्या शहरानेही नुकतेच पाहिले. कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्ट २०२५ रोजी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकाने २४ तास बंद ठेवण्याचा आदेश काढला. आधार दिला १९८८ च्या ठरावाचा. त्या आदेशाविरुद्ध हिंदू खाटीक बांधवही उभे राहिले, कारण बंद दुकानाचे नुकसान धर्म पाहून होत नाही.

म्हणून वाचकांना एवढेच सांगायचे आहे. विधेयक असो की महापालिकेच्या नियमाचा मसुदा, हरकतींची मुदत वर्तमानपत्रात येते, तेव्हा तिच्यावर नजर ठेवा. मसुदा मराठीत मिळवा. शीर्षक सोडून व्याख्या आणि शिक्षेची कलमे आधी वाचा. एक पान लिहा: कोणते कलम, काय अडचण, कोणता शब्द बदलावा. नाव घाला, प्रत आणि पोच जपून ठेवा. घरातल्या बायकांना आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांना सोबत बसवा, कारण देणगीच्या कलमाशी आमच्याकडे थांबल्या त्या बायाच. आणि विषय आपला नाही असे वाटले, तरी वाचा. दुसऱ्याच्या हक्कासाठी लिहिलेली हरकतही अल्लाहच्या दरबारी साक्षच आहे, आणि साक्ष लपवू नये ही कुरआनची ताकीद आहे.