जीव वाचला, पण माणूस परत आला का?

"ऑपरेशन यशस्वी झालं." हे वाक्य ऐकलं की नातेवाईक हात जोडतात. पण यशस्वी म्हणजे नेमकं काय? हृदय चालू आहे, रक्तदाब लागतो आहे, एवढंच? हा प्रश्न आज मांडतो आहे, कारण आमच्या मालवण तालुक्यातल्या एका घरात त्याचं उत्तर देणारं कुणी नाही.

आमच्या वाडीतले एक काका, वय 52, चिऱ्याचं बांधकाम करणारे गवंडी. रक्तदाबाची गोळी लिहून दिलेली, पण हातात पैसे असले तरच घेत. एका दुपारी छातीत आणि पाठीत फाडल्यासारखी कळ आली. पहिल्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. दुसरीकडे ईसीजी ठीक म्हणून घरी पाठवलं. रात्री उशिरा सीटी स्कॅन झाला तेव्हा कळलं की महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, आतून फाटली आहे. मग जिल्ह्याबाहेरचं मोठं रुग्णालय, अँब्युलन्स आणि वाट पाहणं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. काका वाचले. शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात उचलत नव्हता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

काकी मला म्हणाली, "बाळा, डॉक्टरांनी सांगल्यानी ऑपरेशन बरा झाला. मगे ह्यांका बोलूक कित्याक येना नाय?"

या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड नाही, पण तिला ते कुणी दिलं नव्हतं. महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर फाटला की रक्त थरांच्या मध्ये घुसतं आणि भिंत उसवत जाते. हृदयाजवळचा भाग फाटला असेल तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका सुमारे 1 ते 2 टक्क्यांनी वाढतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या याच महाधमनीतून निघतात. चीर त्यांच्यापर्यंत पोचली, रक्तदाब कोसळला किंवा रक्ताची गुठळी वर गेली, तर मेंदूचा भाग उपाशी मरतो. काही रुग्णांना हा झटका ऑपरेशनच्या आधीच आलेला असतो. ऑपरेशनमध्येही शरीर थंड करून काही वेळ रक्ताभिसरण थांबवावं लागतं. मेंदूला वेगळ्या नळीने रक्त पुरवतात, तरीही साधारण दहातल्या एका रुग्णाला पक्षाघात होतो. म्हणजे यात दरवेळी डॉक्टरची चूक असतेच असं नाही. पण हे नातेवाइकांना समजेल अशा भाषेत न सांगणं ही मात्र चूकच आहे.

न सांगितल्याची किंमत काय? मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस रुग्ण बरळतो, माणसं ओळखत नाही, रात्री ओरडतो. ही बहुतेकदा तात्पुरती अवस्था असते. पक्षाघात वेगळा, त्याचे उपचार वेगळे. पण आपल्याकडे दोन्हींना एकच नाव: बाधा. काका घरी आल्याच्या आठवड्यात शेजारून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं देवस्की करा. पहिले तीन महिने व्यायाम आणि बोलण्याच्या सरावासाठी सर्वांत मोलाचे असतात. तेच असे निघून जातात. अज्ञान लोकांचं म्हणून त्यांना हसायचं, की माहिती दडपून ठेवणाऱ्या व्यवस्थेला प्रश्न विचारायचा?

मायकल डीबेकी हे या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे अमेरिकन सर्जन. 2005 च्या अखेरीस, वयाच्या 97 व्या वर्षी, त्यांची स्वतःचीच महाधमनी फाटली. फेब्रुवारी 2006 मध्ये त्यांच्यावर ऑपरेशन झालं. ते कित्येक महिने रुग्णालयात होते, खर्च 10 लाख डॉलरच्या वर गेला, पण ते पुन्हा कामावर आले आणि 2008 पर्यंत जगले. त्यांच्यामागे तज्ज्ञांचा ताफा होता. आमच्या गवंडी काकांच्या मागे काकी आणि दहावीतली मुलगी आहे.

आमचा सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा जिल्हा झाला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यायला चाळीस वर्षं लागली. तोवर गंभीर रुग्ण म्हणजे गोव्यातलं बांबोळी किंवा घाट चढून कोल्हापूर. 2018 च्या सुरुवातीला बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेणं सुरू झालं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. ते भीक मागत नव्हते. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितलं आहे की तातडीचे उपचार न मिळणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. तो खटला ट्रेनमधून पडून डोक्याला मार लागलेल्या हकीम शेख या शेतमजुराचा होता. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं.

आणि जगण्याचा हक्क टाके काढले की संपतो का? 2023 साली महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण 5 लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. चांगलंच आहे. पण ऑपरेशननंतर वर्षभर फिजिओथेरपी कोण देणार? हरवलेलं बोलणं परत शिकवणारा तज्ज्ञ मालवणात कुठे आहे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मेंदूच्या इजेमुळे कायमची गेलेली वाचा हेसुद्धा अपंगत्व मानलं आहे. हे किती पक्षाघाताच्या रुग्णांना माहीत आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक उपकेंद्रात रक्तदाबाची गोळी खंड न पडता मिळावी, कारण या आजाराचं मोठं कारण तेच आहे. छाती-पाठीत अचानक फाडणारी कळ आली तर ईसीजीवर न थांबता तातडीने सीटी स्कॅन व्हावा. तालुक्याला आठवड्यातून निदान दोन दिवस फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार मिळावेत. घरी सोडताना मेंदूला काय झालं ते मराठीत लिहून द्यावं.

तोवर आपण काय करायचं? अशा घरी जाऊन आधी सरावाचं वेळापत्रक भिंतीवर लावायचं आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरायचा. काकांना आता "पाणी" म्हणता येतं. मुलगी रोज तासभर त्यांच्यासोबत बसून बोलते. जे काम सरकारी पगारी तज्ज्ञाने करायचं, ते दहावीची मुलगी अभ्यास सोडून करते आहे. या व्यवस्थेला आपण यशस्वी म्हणायचं का?